अकरावीचा दरबार

१ सप्टेंबर, रविवार

इथे आखातात शाळेचा आठवडा रविवारी सुरू होतो, तशी आजपासून मी अकरावीला शिकवते. इतकी वर्षं पाचवी-सहावीकडून नकाशे रंगवून घेतले. या वर्षी शाळेनं ब्रिटिश बोर्डाचे वर्ग सुरू केले आणि इतिहासासाठी शैलजाताईंनी माझं नाव पुढे केलं. शैलजा करमरकर आमच्या विभागप्रमुख, मूळच्या पुण्याच्या. म्हणाल्या, "अनीसा, रत्नागिरीला एम. ए. केलंस ते काय सहावीच्या वह्या तपासायला?" त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

पहिलंच प्रकरण युरोपातली निरंकुश राजेशाही. शिकवायचं इंग्रजीतून, पण मला हे सगळं कळलंय मराठीतून. निरंकुश सत्ता, दैवी अधिकार, सार्वभौमत्व, राज्यहित. म्हणून ही वही. आधी इथे मराठीत मांडलं की वर्गात जीभ अडखळत नाही.

जेवताना मजीदना सांगितलं. ते म्हणाले, "राजांबद्दल शिकवणार? जपून गो."

"अहो, चारशे वर्षांपूर्वीचे फ्रान्सचे राजे ते."

"राजे ते राजे," म्हणाले आणि आमटी ओतून घेतली. आयुष्यभर कंपनीच्या गोदामात माल मोजलेला माणूस. त्यांना सगळ्याचीच भीती वाटते.

११ सप्टेंबर, बुधवार

दैवी अधिकार. म्हणजे राजाला सत्ता प्रजेनं दिलेली नाही, थेट देवानं दिली आहे. त्यामुळे राजा जाब देणार तो फक्त देवाला. राजावर टीका करणं हा नुसता गुन्हा नाही, पाप आहे.

एवढं सांगून झाल्यावर शफा मुकादमनं हात वर केला. "मिस, देवानं राजाला सत्ता दिली हे लोकांना कुणी सांगितलं?"

"राजानं."

"म्हणजे साक्षीदार एकच. तोही स्वतःच."

वर्ग हसला, मीही हसले. अशी मुलगी वर्गात असली की शिकवायला जोर येतो. शफा आमच्या ओळखीतली आहे. तिचे वडील फुजैलभाई श्रीवर्धनचे, एसी दुरुस्तीचं काम करतात. राहतात अल नस्रला. आमची हुस्ना तिच्यापेक्षा दोन इयत्ता खाली, पण बसमध्ये दोघी शेजारी बसतात आणि शफानं केसांना जे लावलं ते दुसऱ्या दिवशी हुस्नाच्या केसांना असतं.

२६ सप्टेंबर, गुरुवार

आज राजकृपा. चौदाव्या लुईनं मोठमोठ्या सरदारांना त्यांच्या मुलखातून उचलून व्हर्सायच्या राजवाड्यात आणून ठेवलं. तलवारी गेल्या, मानपान राहिला. सकाळी राजा उठला की त्याला सदरा कोणी द्यायचा, हा सर्वांत मोठा सन्मान. त्यासाठी घराणीच्या घराणी झुरायची. ज्याच्याकडे राजानं पाहिलं तो मोठा, ज्याच्याकडे पाहिलं नाही तो संपला. मुलांना हे खरंच वाटेना. "एवढे मोठे लोक शर्टासाठी भांडायचे?"

दुपारी स्टाफरूममध्ये चेअरमन साहेब अचानक आले. सगळे उभे राहिले. शैलजाताईंनी लगेच खुर्ची एसीच्या झोतातून बाजूला ओढली. साहेबांना सायनसचा त्रास आहे हे एवढ्या गडबडीत फक्त त्यांच्या लक्षात! मग म्हणाल्या, "सर, ही अनीसा पारकर, आपली अकरावीची हिस्टरी." साहेबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. दिवसभर बरं वाटत होतं, का कोण जाणे.

८ ऑक्टोबर, मंगळवार

नुसत्या व्याख्या पाठ करून मुलांना काही कळणार नाही, म्हणून मी त्यांना व्हर्सायचा दरबार बसवायला सांगितला होता. आज तालीम पाहिली. शफा राजा. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

ती झोपेतून उठते. तीन सरदार सदरा घेऊन धावतात, ढकलाढकली करतात. मग ती चष्मा काढते, टायच्या टोकानं पुसते, पुन्हा डोळ्यांवर ठेवते, लांब श्वास घेते आणि म्हणते, "माझ्या मुलांनो, मी कोण? मी काहीच नाही." हुबेहूब आमचे चेअरमन साहेब! प्रत्येक समारंभात ते असंच सुरू करतात, "मी काहीच नाही, शाळा सर्व काही." शफा थांबते, सगळ्यांकडे पाहते आणि पुढे म्हणते, "मी काहीच नाही. राज्य सर्व काही. आणि राज्य म्हणजे मी."

संपल्यावर तिनं विचारलं, "मिस, चष्म्याचं काढून टाकू? कुणाला राग येईल?"

मी म्हटलं, "ठेव गं. त्याच्यातच तर सगळं प्रकरण आलंय."

घरी मजीदचा टाय गळ्यात घालून मी त्यांना आणि हुस्नाला सगळं करून दाखवलं. हुस्ना गादीवर लोळून हसली. मजीदसुद्धा हसले, मग म्हणाले, "खलास, पुरे, खालचे लोक ऐकतील." किती दिवसांनी घरात असं हसणं झालं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

प्रयोग झाला. छोट्या हॉलमध्ये दहावी आणि अकरावी. टाळ्या थांबेनात. नंतर मी सार्वभौमत्वाची व्याख्या विचारली तर मागच्या बाकावरच्यांनीही बरोबर सांगितली. शिक्षक म्हणून हा माझा सर्वांत चांगला दिवस.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

कुणीतरी चोरून व्हिडिओ काढला आहे. फक्त चष्म्याच्या नकलेचा तुकडा. पालकांच्या ग्रुपवर फिरत फिरत साहेबांच्या मिसेसपर्यंत गेला. त्यात मागून एक बाई मोठ्यानं हसते, तो आवाज माझा आहे.

शैलजाताईंनी जिन्यात गाठून हळूच सांगितलं, "कुणाशी काही बोलू नकोस. मी बघते."

माझा व्हिसा मजीदच्या नोकरीवर आहे, पण त्यांच्या कंपनीतून महिन्याला माणसं कमी होताहेत. हुस्नाची फी माफ आहे ती माझ्या नोकरीमुळे.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

जुम्म्याची नमाज पढून मजीद आले, तेवढ्यात शैलजाताई दारात. मन्सूरातल्या आमच्या घरी त्या पहिल्यांदाच आल्या. हातात बेसनाच्या लाडवांचा डबा. लिफ्ट बंद, तीन मजले चढून आल्या, तरी चेहऱ्यावर त्रासिकपणा नाही. मोठ्या मनाची बाई.

त्यांनी विचारलं, "तू तालीम पाहिली होतीस?"

मी तोंड उघडलं, तसा त्यांनी हात वर केला. "थांब. मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. रविवारी साहेब हाच एक प्रश्न विचारतील. तू पाहिली असशील तर ते शिक्षिकेनं मुद्दाम घडवून आणलेलं होतं. पाहिली नसशील तर पोरीचा चावटपणा. पोरांना शाळा माफ करते. शिक्षकाला करत नाही."

"पण शफाला काय होईल?"

"फार तर चार दिवस घरी बसेल. मी आहे ना. तुझं नाव मी सुचवलंय अनीसा, मलाही विचारतीलच की."

खरं आहे. माझ्यामुळे त्या अडचणीत आल्या तर ते वाईटच. मजीद त्यांच्यामागच्या खुर्चीत बसून ऐकत होते. मग म्हणाले, "त्या सांगतात तसं कर. आपण इथे कुणाला धडा शिकवायला आलेलो नाही."

हुस्ना चहा घेऊन आली, ट्रे ठेवून तिथेच उभी राहिली. मी तिला आत जायला सांगितलं.

२० ऑक्टोबर, रविवार

चेअरमन साहेब, प्रिन्सिपल, शैलजाताई. समोर फुजैलभाई कामावरून तसेच आलेले, छातीवर कंपनीचं नाव असलेला शर्ट, आणि शफा. फुजैलभाई पुन्हा पुन्हा "सॉरी सर" म्हणत होते. अजून कुणी काही विचारलंही नव्हतं.

साहेब अजिबात रागावले नाहीत. उलट फार दुःखी वाटले. म्हणाले, "मला माझं काही नाही. पण ही शाळा मी पोटच्या पोरासारखी वाढवली." मग मला विचारलं, "मिसेस पारकर, हा भाग तुम्ही आधी पाहिला होता?"

मी म्हटलं, "नाही सर. हा भाग नव्हता."

शफानं माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी तिला विचारलं, "खरं आहे हे?"

तिनं वडिलांकडे पाहिलं. मग म्हणाली, "यस सर. मिसना माहीत नव्हतं. मी नंतर घातलं."

म्हणजे तिनं स्वतःच कबूल केलं. माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नाही, तिच्यावरही नाही. आता आठवतं तसं, तालमीच्या वेळी मी मध्ये एकदा हजेरीपट आणायला बाहेर गेले होते. चष्म्याचं तेव्हाच झालं असेल. मला पूर्ण तालीम पाहिल्याचं वाटतंय ते प्रयोग पाहिल्यामुळे. दोन्ही डोक्यात एकत्र झालंय.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

शफाकडून हुस्नाला सगळं कळलं होतं. आज कपड्यांच्या घड्या घालताना एकदम म्हणाली, "अम्मी, यू लाइड."

मराठीत बोल म्हटलं. तर म्हणाली, "तू खोटं बोललीस. तू आम्हाला करून दाखवलं होतंस. अब्बूचा टाय घालून."

"ते प्रयोगानंतर."

"आधी. प्रयोगाच्या दिवशी अब्बू घरी नव्हतेच, त्यांचा ओव्हरटाइम होता."

मी म्हटलं, तुला मोठ्यांच्या गोष्टी कळत नाहीत, तुझ्यासाठीच हे सगळं चाललंय. ती म्हणाली, "माझ्यासाठी नको करू मग."

चौदा वर्षांच्या मुली फार निष्ठुर असतात. ही शफाच्या प्रभावाखाली आहे. शैलजाताई म्हणाल्याच होत्या की ती मुलगी हुशार आहे पण पुढे पुढे करते.

३ नोव्हेंबर, रविवार

शफाला शाळा सोडायला सांगितलं. काढून टाकलेलं नाही, हे महत्त्वाचं. वडिलांनी स्वतः अर्ज करायचा, दाखला मिळेल. मी शैलजाताईंकडे गेले. "तुम्ही चार दिवस म्हणाला होतात."

"मी खूप प्रयत्न केला गं. पण बाकीच्या पालकांना काय संदेश जाईल? एका मुलीचं वर्ष की हजार मुलांची शाळा? तूच सांग."

इथे वर्षाच्या मध्ये दुसरी शाळा तिला घेणार नाही. श्रीवर्धनला नेली तर तिथे हे बोर्ड नाही, अकरावी पहिल्यापासून. तिची आई तिला घेऊन जाणार असं ऐकलं. फुजैलभाई एकटे राहतील.

आज वर्गात राज्यहित होतं. राज्याच्या भल्यासाठी राजा नेहमीची नीती बाजूला ठेवू शकतो. राज्याचं भलं कशात आहे ते ठरवतो राजाच. एका मुलानं विचारलं, "मिस, मग राज्याच्या भल्यासाठी ज्याचं वाईट झालं, तो राज्यात येत नाही का?"

चांगला प्रश्न होता. मी म्हटलं, पुढच्या तासाला बघू. घंटा व्हायला अजून बराच वेळ होता.

१० नोव्हेंबर, रविवार

आज राजाच्या मोहरेचं आज्ञापत्र. त्यावर नाव लिहिलं की माणूस आत. खटला नाही, साक्ष नाही, आरोप काय ते सांगायची गरज नाही. फ्रेंच शब्द फळ्यावर लिहिताना माझं स्पेलिंग चुकलं, कुणी दाखवून दिलं नाही. शफा असती तर दाखवलं असतं.

मी सांगितलं की ही पत्रं राजा प्रत्येक वेळी आपल्या मनानं काढत नसे. पुष्कळदा घरचेच लोक अर्ज करायचे, बाप मुलाविरुद्ध, बायको नवऱ्याविरुद्ध. राजा फक्त सही करायचा.

कुणी हसलं नाही, कुणी काही विचारलं नाही. सगळे खाली मान घालून लिहीत होते. हा वर्ग पूर्वी फार बडबड करायचा, आता एकदम शिस्त आली आहे. तिच्या बाकावर अजून कोणी बसत नाही. मी दोनदा एका मुलीला तिथे बसायला सांगितलं, ती "इथे ठीक आहे मिस" म्हणाली.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

शैलजाताई व्हाइस प्रिन्सिपल झाल्या. त्यांच्या जागी विभागप्रमुख मी! साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "कठीण प्रसंगी तुम्ही शाळेच्या बाजूनं उभ्या राहिलात, हे मी विसरणार नाही." मी म्हटलं, "सर, तुम्ही आहात म्हणून आम्ही आहोत." असं बोलायचं ठरवलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. बाहेर आल्यावर शैलजाताईंनी मिठी मारली.

पुढच्या वर्षीपासून अकरावीच्या अभ्यासक्रमात नाट्यीकरण वगैरे नको, असं साहेबांनी सुचवलं आहे. मी लगेच होकार दिला. तसाही त्यात वेळ फार जातो.

मुशैरिबहून केक आणला. मजीद खूश होते, पहिल्यांदाच म्हणाले, "आता थोडं निवांत झोपता येईल." हुस्नानं केक खाल्ला नाही, पोट दुखतं म्हणाली. तिनं सांगितलं की शफाचं विमान आज दुपारचं होतं. शाळा होती, नाहीतर गेले असते भेटायला. जायला हवं होतं का? मी तिच्यासमोर उभी राहून काय बोलले असते?

अल्लाच्या मनात तिच्यासाठी काही चांगलंच असेल. हुशार मुलगी आहे, कुठेही चमकेल.

६ डिसेंबर, शुक्रवार

संध्याकाळी हुस्नाला घेऊन मन्सूरातल्या मलबारी दुकानात गेले. हल्ली ती माझ्याबरोबर कुठे येत नाही. मजीदनी रागावून पाठवली. भाजीच्या फळीपाशी फुजैलभाई. हातातल्या टोपलीत चार अंडी, एक कांदा, ब्रेडचं छोटं पाकीट. मला वाटलं परत फिरावं, पण त्यांनी पाहिलं होतं.

ते टोपली खाली ठेवून दोन्ही हात पुढे करून आले. म्हणाले, "मॅडम, तुम्हालाच शोधत होतो. शाळेत यायची हिंमत होत नव्हती."

मी म्हटलं, "शफा कशी आहे?"

"आहे. घरात बसून असते. जून आला की बघायचं. पण मॅडम, तुमचे उपकार आहेत. शैलजा मॅडमनी सांगितलं मला, तुम्ही तिच्यासाठी साहेबांशी भांडलात. तुमच्यामुळे दाखल्यावर 'वर्तणूक चांगली' लिहून मिळालं. नाहीतर पोरीला कुणी उभं केलं नसतं."

मी फळीवरची कोथिंबिरीची जुडी उचलली आणि परत ठेवली.

"मी तिला सांगितलं, शाळेत एक माणूस तरी तुझ्या बाजूनं होतं. तर रडायला लागली. इतके दिवस रडली नव्हती. कशाला रडते, ते सांगितलं नाही." त्यांनी शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं. "तुमची नोकरी धोक्यात घालून कोण करतं हो एवढं? आमच्या सख्ख्यांनी केलं नसतं."

हुस्ना माझ्या शेजारी उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. वाट बघत होती. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिनं सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं, आणि मला कळत होतं की आता मी काय बोलते ते ती ऐकणार आहे.

मी म्हटलं, "असं नका म्हणू फुजैलभाई. माझं कर्तव्यच होतं ते."

त्यांनी छातीवर हात ठेवून मान झुकवली. हुस्नानं हातातली पिशवी जमिनीवर ठेवली आणि ती बाहेर गेली. मी घाईघाईनं पैसे दिले, बाहेर आले. ती रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं चालत होती. हाक मारली. थांबली नाही, पळालीही नाही. आम्ही घरापर्यंत तशाच आलो, ती त्या फुटपाथवर, मी या.

दुसरं काय म्हणायला हवं होतं मी? भर दुकानात, भाजी घेणाऱ्या माणसांसमोर? त्यांना खरं सांगून त्यांचं काय भलं झालं असतं? तेवढाच एक आधार उरलाय त्यांना, तोही काढून घ्यायचा?

मजीदना सांगितलं, फुजैलभाई भेटले होते, बरे आहेत. ते म्हणाले, "अल्हम्दुलिल्ला." हुस्ना तिच्या खोलीत, दाराकडे पाठ करून बसलेली. दार उघडंच आहे. मी दोनदा त्याच्यावरून गेले. आत गेले नाही.